दुर्बीण आणि हात

१२ जानेवारी १९९८, सोमवार

आली एकदाची दुर्बीण. टेम्पोतून चार खोकी उतरली — पडदा, कॅमेरा, दिव्याचं यंत्र, पोटात गॅस भरायचं यंत्र. संदीप सकाळपासून ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा. खोकी फोडायला कुणाला हात लावू दिला नाही. कोपरगावच्या शुगर फॅक्टरीतल्या फिटरचा मुलगा शेवटी. प्रत्येक स्क्रू मोजून ताटलीत ठेवत होता.

मीच त्याला इथे बोलावलं, दोन वर्षांपूर्वी. मुंबईत माझ्याच जुन्या विभागात शिकलेला. तेव्हापासून एकच घोकतोय — लहान मुलांचं पोट फाडायचं कशाला, सर? तीन बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी पोर घरी. ट्रस्टच्या अध्यक्षांना पटलं. मला अजून नाही. सव्वीस वर्षं मी पोरांच्या पोटात हात घालतोय. आतडं बोटांशी बोलतं. काचेतून काय बोलणार?

८ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून परत. दोन दिवसांची परिषद. शेवटी एक फिल्म दाखवली — परदेशातली. डॉक्टर खोलीच्या एका कोपऱ्यात, पेटीत तोंड घालून बसलेला. पेशंट लांब टेबलावर, आणि त्याच्यावर यंत्राचे हात. डॉक्टर बोटं हलवतो तसे ते हलतात. गेल्या वर्षी माणसावर केलं म्हणे. मुलांवर अजून नाही. पण करणारच, असं सगळे म्हणत होते.

येताना एसटीत संदीपशी वाद.

"दुर्बिणीच्या हत्याराला मनगट नसतं, सर. काडीसारखं आत-बाहेर. या यंत्राच्या टोकाला मनगट आहे. आणि हात थरथरत नाही त्याचा."

"आणि हाताला काय लागतं?"

"काही नाही. फक्त दिसतं."

"मग मेलं ते."

तो हसला. "पण दहापट दिसतं, सर. आपण बोटांनी चाचपतो ते बऱ्याचदा अंदाज असतो."

अंदाज! शिरूरपर्यंत मी बोललो नाही त्याच्याशी.

२ मार्च, सोमवार

चार वर्षांचा मुलगा. एक वृषण खाली उतरलेलंच नव्हतं. मी असतो तर पाऊण तास शोधत बसलो असतो. संदीपनं बेंबीतून दुर्बीण घातली, दोन मिनिटांत म्हणाला, "हे बघा." पडद्यावर स्पष्ट. मान्य करावं लागतं. इथे तरी करतो.

१४ एप्रिल, मंगळवार

कर्जतमार्गे गावी आलो. जयंती. वस्तीवरच्या पोरांनी दरवर्षीसारखं मला स्टेजवर बसवलं. आमच्यातला पहिला डॉक्टर म्हणून अजूनही टाळ्या. आई खाली पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात. ऐंशी झाली आता. जेवताना म्हणाली, "तुझा हात लई हलका हाय म्हनत्यात लोकं. माझ्या पोटातून आलाय त्यो हात." मग माझा पंजा उलटासुलटा करून बघत बसली.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक साधी रक्तवाहिनी सुटली होती. सगळ्यांना सुटायची. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कोट्यातून आल्यावर हे असंच व्हायचं." बाकीच्यांची चूक त्यांची एकट्याची असते. माझी चूक सगळ्या वस्तीची. त्या दिवशी ठरवलं — चुकायचं नाही. आजवर निभावलं.

२० एप्रिल, सोमवार

खर्ड्याची मुलगी. सायली, वय सात. पंधरा दिवस उजवीकडे दुखत होतं, गावात शेकलं-बिकलं. आता तिथे लिंबाएवढी गाठ. अपेंडिक्स फुटून आजूबाजूचं आतडं त्याला गुंडाळून बसलंय. अशा वेळी लगेच कापायचं नसतं. औषधं सुरू केली. गाठ बसली की दोन महिन्यांनी ऑपरेशन.

बाप बन्सी, दुधाचे कॅन वाहणारा टेम्पो चालवतो. फार बोलत नाही. आई कडूबाई बोलते. मुलगी तर गप्पच बसत नाही. माझ्या गळ्यातला स्टेथास्कोप तिनं आधी स्वतःच्या छातीला लावला, मग आईच्या. म्हणाली, "आयचं लई जोरात वाजतंय."

११ मे, सोमवार

संदीपनं वही आणून ठेवली. दोन रकाने. हातानं केलेली अकरा पोरं, दुर्बिणीनं केलेली अकरा. माझी वेळ त्याच्या निम्मी. पण त्याच्या पोरांना वेदनेची इंजेक्शनं निम्मी. माझ्या दोघांच्या जखमेत पू झाला, त्याच्या एकाच्याही नाही. उलट त्याच्या दोघांना गॅसनं खांदे दुखले, आणि एकदा दिवा बंद पडला तेव्हा मलाच हात घालावा लागला होता. तेही त्यानं लिहिलंय. प्रामाणिक पोरगा.

"अकरावर काही ठरत नसतं," मी म्हणालो.

"म्हणूनच अजून करू या, सर."

बायडाबाई आया दारातून पुसत पुसत म्हणाली, "बारक्या डाक्टरांची पोरं रडत न्हाईत, येवढं खरं." कुणी विचारलं नव्हतं तिला.

२२ जून, सोमवार

सायली दाखल. गाठ बसली आहे. तब्येत छान, दोन किलो वाढली. उद्या दुर्बिणीनं करायचं ठरलं. संदीप करेल, मी शेजारी.

संध्याकाळी राउंडला गेलो तर संदीप तिच्या कॉटवर बसलेला. पोटात बारका टीव्ही जातो, असं सांगत होता.

"मग मला बी दिसंल का?"

"तू झोपलेली असशील. पण मी त्याची कॅसेट काढतो. बरी झालीस की दाखवेन."

"आन् पोटात काय काय हाय ते समदं?"

"सगळं."

"काल खाल्लेली भाकर बी?"

कडूबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

२३ जून, मंगळवार

सायलीचं झालं. सुरू दुर्बिणीनं, पुरं हातानं.

आत सगळं चिकटलेलं. संदीप बेंबीतून आत गेला, पण अपेंडिक्स कुठे दिसेना. एक एक पापुद्रा सोडवत बसला. अर्धा तास. पाऊण तास. मी कॅमेरा धरून उभा — सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर कॅमेरा धरून! खांदा भरून आला. एक तास दहा मिनिटं झाली तसं डोक्याशी बसलेले भूलतज्ज्ञ काकासाहेब म्हणाले, "गॅस फार वेळ चाललाय, डॉक्टर. बघा."

मी म्हणालो, "बास. उघडतो."

"सर, दहा मिनिटं. वाट दिसतेय मला."

"तुला दिसतेय. मला नाही."

तो पडद्याकडे बघून आणखी काहीतरी सांगत होता. मी तोवर पुष्पावती सिस्टरकडून सुरी मागितली होती. नेहमीच्या जागी, उजवीकडे खाली छेद. बोट घातलं आणि कळलं कुठे काय आहे. पंचवीस मिनिटांत अपेंडिक्स ट्रेमध्ये.

संदीप मान वर न करता टाके घालत होता. वाईट वाटलं असेल. पण बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू. शेवटी हातच.

२४ जून, बुधवार

सायली ठीक. पाणी मागते. कॅसेट कधी, असं संदीपला विचारते.

२५ जून, गुरुवार

दुपारपासून ताप. हिरवी उलटी दोनदा. पोट फुगलंय थोडं. संदीप म्हणाला, आजच उघडून बघू. मी म्हणालो, चिकटलेली आतडी सोडवल्यावर असं होतं, उद्यापर्यंत थांबू.

२६ जून, शुक्रवार

सकाळी पोट दगडासारखं. उघडलं. पोटभर घाण. लहान आतड्याच्या उजवीकडच्या वेढ्याला मसुरीएवढं भोक.

मी म्हणालो, दुर्बिणीच्या हत्याराचं आहे.

शिवलं. धुतलं. नळ्या ठेवल्या.

२७ जून, शनिवार

ती मला ओळखत नाही. संदीपला ओळखते. तो कॉटशेजारून हलला नाही.

कडूबाई दाराशी. "डाक्टर, पानी मागती वो. येक चमचा दिऊ का? येकच." नाही म्हणावं लागलं. ओला कापूस ओठांना लावा म्हणालो. ती दिवसभर तेच करत होती.

२८ जून, रविवार

लघवी थांबली.

२९ जून, सोमवार

सायली गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

३० जून, मंगळवार

काल याहून जास्त लिहिता आलं नाही.

बन्सीनं स्वतःच्या टेम्पोतून नेलं तिला. दुधाचे कॅन पोर्चमध्ये उतरवून ठेवले आणि गोधडी अंथरली. निघायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं आपणहून मला काही विचारलं.

"साहेब, आमचं काय चुकलं का? आदी आनायला पायजे हुती का?"

मी म्हणालो, नाही, तुमचं काही चुकलं नाही.

मग कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. त्याला आधीच कळलेलं होतं. वॉर्डभर बातमी होती — दुर्बिणीनं आतडं फाडलं. पोर्चमध्ये कडूबाई संदीपकडे बघून ओरडत होती. तो मान खाली घालून ऐकत उभा. मी मध्ये गेलो नाही.

कॅन तिथेच राहिले. बायडाबाईनं घासून भिंतीशी पालथे घातले.

६ जुलै, सोमवार

मीटिंग. अध्यक्ष, काकासाहेब, मी, संदीप. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमचं मत?" मी म्हणालो, दुर्बिणीत कडेचं दिसत नाही, हत्यार कुठे घासलं ते कळत नाही, असे प्रकार पुस्तकात नोंदलेले आहेत. हे खरंच आहे. नोंदलेले आहेत.

संदीपला विचारलं. "मला काही म्हणायचं नाही."

लहान मुलांना दुर्बीण बंद, असं ठरलं. संदीपनं खिशातून राजीनामा काढला — लिहूनच आणला होता. जाताना माझ्या पाया पडला. मी नेहमीसारखा हात ठेवला डोक्यावर.

९ जुलै, गुरुवार

आईचा निरोप आला, गावाकडून कुणी आलं होतं त्याच्याबरोबर. "पोरीचं आयकलं. तू नगं मनाला लावून घिऊ. तुझा हात न्हवता त्यो."

१५ सप्टेंबर, मंगळवार

दुर्बिणीवर पांढरी चादर. आज आठ वर्षांचा मुलगा, अपेंडिक्स, हातानं. सगळं व्यवस्थित. दुपारपासून कळवळून रडतोय. बायडाबाई माझ्याकडे बघून गेली.

२ नोव्हेंबर, सोमवार

संदीपबद्दल कुणी सांगितलं — कोपरगावलाच आहे. बाकी काही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

११ डिसेंबर, शुक्रवार

हे लिहायलाच हवं. नाहीतर उद्या मीच स्वतःला काहीतरी वेगळं सांगेन.

पुष्पावती सिस्टर थिएटरचं कपाट आवरत होत्या. एक व्हिडिओ कॅसेट आणून टेबलावर ठेवली. "संदीप सरांची राहिली. टाकून देऊ का?" वर त्याच्या अक्षरात — सायली, खर्डा, २३ जून.

दार लावून घेतलं. लायब्ररीतल्या टीव्हीवर बघितली. आवाज नाही, फक्त चित्र. एक तास अकरा मिनिटं.

पहिल्या वीस मिनिटांतच दिसलं. लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला. उजवीकडे, खाली. अगदी त्या जागी, जिथे मी सुरी ठेवतो. गुलाबी, चकचकीत, शाबूत. त्यातून लाट जाताना दिसते — जिवंत आतड्यातून जाते तशी. संदीपचं हत्यार एकदाही त्याला टेकत नाही. मी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघितलं. एकदाही नाही.

शेवटी तर असं आहे — हत्याराचं टोक त्या वेढ्यापाशी जातं आणि थांबतं. न टेकता. मागे येतं. पुन्हा जातं, पुन्हा थांबतं. तो दाखवत होता. हेच सांगत होता तेव्हा. इथे भिंतीला आतडं आहे, सर, छेद वर घ्या. असंच काहीतरी. मग हत्यार बाहेर गेलं, चित्र हललं, आणि पडदा काळा.

त्यानंतर मी केलं त्याची कॅसेट नाही. हातानं करतात त्याची नसतेच. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही ऑपरेशनची नाही.

त्या वेढ्यावर मीच सुरी घातली. पोटाची भिंत कापताना, आतल्या बाजूनं चिकटलेलं आतडं कापलं. बोटांना कळलं नाही. बोटांशी बोलतं म्हणत होतो मी.

१२ डिसेंबर, शनिवार

हिला सांगितलं. पोळी लाटता लाटता थांबली. मग म्हणाली, "संदीपच्या बायकोला सातवा महिना होता तेव्हा. सामान बांधून निघाले तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. दार उघडलं नाही तिनं." मला हे माहीतच नव्हतं.

१४ डिसेंबर, सोमवार

अध्यक्षांकडे गेलो. कॅसेट बरोबर नेली होती. त्यांनी बघितली नाही.

"गेलेली मुलगी परत येणार आहे का, डॉक्टर?"

"संदीप परत येईल."

"त्याचं त्यानं बघितलंय. तुम्ही या दवाखान्याचं नाव आहात." मग खुर्ची जवळ ओढून, अगदी प्रेमानं — "आणि तुमच्याकडे बघून तुमच्या समाजातली किती पोरं शिकतात. त्यांचा तरी विचार करा. हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील, तुम्हाला सांगायला नको."

नको खरंच. ते वाक्य मी दुसऱ्या वर्षापासून पाठ केलेलं आहे.

तिथेच कागद मागितला आणि लिहून दिलं. भोक माझ्या सुरीचं, संदीपच्या हत्याराचं नाही. खाली सही, तारीख. अध्यक्षांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. पोच मागितली तर हसले. म्हणून घरी येऊन दुसरी प्रत केली.

२० डिसेंबर, रविवार

खर्डा. जामखेडहून पुढे जीप मिळाली. बन्सीचं घर विचारावं लागलं नाही, टेम्पो दारात उभा होता. तो खाली पडून काहीतरी आवळत होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले, बाज टाकली. कडूबाईनं तांब्या आणून ठेवला. अंगणात दोरीवर बारकी परकरपोलकी वाळत होती. धाकटी मुलगी आहे त्यांना, तेव्हा आजीकडे ठेवलेली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सगळं सांगितलं. साध्या शब्दांत. आतडं पोटाला चिकटलेलं होतं, संदीप डॉक्टरांना दिसलं होतं, मी ऐकलं नाही, माझ्या सुरीनं कापलं गेलं. दोन दिवसांनी ते उघडू म्हणाले तेव्हाही मी थांबवलं.

बन्सी जमिनीकडे बघत राहिला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला, पुन्हा उचलला.

कडूबाई म्हणाली, "म्हंजी त्या बारक्या डाक्टरनं काय केलं न्हवतं?"

"नाही."

"काईच न्हाई?"

"नाही."

"मी त्याला काय काय बोलले. तुज्या पोटी येईल ते जगायचं न्हाई, असं बोलले मी. दवाखान्याच्या दारात. तुमी हुता की तितं." तिचा आवाज चढला नाही. "त्याला सांगितलं का तुमी ह्ये?"

"अजून नाही."

"मंग आदी हितं कशाला आलाव?"

इथे शिव्या मिळतील, मारतील कदाचित, आणि मग हलकं वाटेल, असं काहीतरी मनात धरून गेलो असणार. दोघांपैकी कुणीच काही केलं नाही.

कागदाची प्रत बन्सीच्या हातात दिली. पाहिजे तिथे दाखवा म्हणालो. त्यानं न वाचता घडी घालून खिशात ठेवली. "जावा आता, साहेब. शेवटची जीप चारला हाय."

२३ डिसेंबर, बुधवार

दोन ऑपरेशनं केली नाहीत. पोरांना पुण्याला पाठवलं.

३ जानेवारी १९९९, रविवार

कोपरगाव. स्टँडमागे एका गाळ्यात संदीपचा दवाखाना — एक टेबल, एक बाकडं. सर्दी-ताप बघतो. ऑपरेशन करत नाही. मुलगा झालाय, चार महिन्यांचा.

त्याला सांगायला सुरुवात केली. अर्ध्यात त्यानं थांबवलं.

"मी त्याच संध्याकाळी बघितली होती कॅसेट, सर. शुक्रवारी."

"मग बोलला का नाहीस?"

"भोक सापडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, हत्याराचं आहे. थिएटरमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही सोडून. तुम्ही स्वतःच्या छेदाच्या रेषेकडे बघत होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही ठरवून म्हणालात."

मला माहीत नव्हतं, असं मी त्याला म्हणालो.

परतीच्या एसटीत तेच वाक्य पुन्हा स्वतःशी म्हणून बघितलं. पुरं करता आलं नाही.